मधुमेह आणि वृद्धांमधील स्मृतिभ्रंश

उतारवयातील मधुमेह (मुख्यतः दुसऱ्या प्रकारचा) आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध. मधुमेहींच्या बुद्धीची मानसशास्त्रीय चाचण्यांनी पाहणी निदान १९२२ पासून (माइल्स व रूट) झालेली दिसते. स्मृतिभ्रंशाशी असलेला धागा मात्र ठळक झाला तो साधारणपणे १९९० नंतर. नेदर्लंड्समधील रॉटरडॅम पाहणीत (१९९९) सहा हजारांवर वृद्धांची नोंद होती. त्यांतील मधुमेहींना स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे दुप्पट आढळला, तर इन्शुलिन घेणाऱ्यांना चौपटीहून अधिक. यात दोष इन्शुलिनचाच, असे मानता येत नाही. इन्शुलिनपर्यंत पोचलेला आजार बहुधा जुना आणि मुरलेला असतो.

कारणांबाबत एकवाक्यता नाही. सुझान दे ला मोंटे (ब्राउन विद्यापीठ) यांच्या गटाने २००५ मध्ये अल्झायमर (स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) रुग्णांच्या मेंदूत, मरणोत्तर तपासणीत, इन्शुलिन व त्याचे ग्राही (पेशींवरील, इन्शुलिनचा संदेश टिपणारे रेणू) घटलेले दाखवले आणि या विकाराला ‘तिसऱ्या प्रकारचा मधुमेह’ म्हणावे का, असा प्रश्न उभा केला. इन्शुलिन आणि बीटा-अमिलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे प्रथिन) या दोहोंचे विघटन करणारे एक एन्झाइम सामाईक आहे. रक्तात इन्शुलिन फार झाले की हे एन्झाइम इन्शुलिनमध्येच गुंतते आणि अमिलॉइड साचत जाते, असा युक्तिवादही याच बाजूने केला जातो. नाव चटकन तोंडी बसले, पण रोगवर्गीकरणात त्याला अद्याप जागा नाही. शवविच्छेदनांत मधुमेहींच्या मेंदूत अमिलॉइड इतरांहून जास्त असल्याचे सातत्याने आढळत नाही; जास्त दिसतात त्या बारीक रक्तवाहिन्या बुजून मेलेल्या लहानलहान जागा. त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या विकाराकडे बोट दाखवणारे मत अधिक सबळ वाटते. स्मृती टिकावी म्हणून नाकावाटे इन्शुलिन देण्याच्या २०२० मधील चाचणीतही अपेक्षित लाभ दिसला नाही.

साखर कडकपणे खाली ठेवल्याने बुद्धी टिकते, हे सिद्ध झालेले नाही. मधुमेहींवरील ‘ॲकॉर्ड’ या मोठ्या चाचणीचा मेंदूविषयीचा भाग असलेल्या ‘ॲकॉर्ड-माइंड’मध्ये (२०११) ४० महिन्यांनंतर कडक उपचार घेणाऱ्यांच्या मेंदूचे आकारमान किंचित जास्त राहिले, पण आकलनाच्या चाचण्यांत फरक पडला नाही. मूळ ‘ॲकॉर्ड’मधील कडक उपचार तर वाढत्या मृत्यूंमुळे २००८ मध्येच थांबवावे लागले होते. साखर एकदम उतरणे हाही धोकाच. आजोबा सकाळची गोळी घेतल्याचे विसरून पुन्हा घेतात, नाश्ता राहून जातो, आणि अकराच्या सुमारास घाम, थरथर, असंबद्ध बोलणे सुरू होते. घरचे त्याला म्हातारचळ समजतात.

मेटफॉर्मिन हे मधुमेहावरील औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि त्यानेही विसरभोळेपणा येतो. तो बराच भरून निघण्यासारखा असल्याने स्मृतिभ्रंशाचे निदान पक्के करण्यापूर्वी बी-१२ची तपासणी करतात.