घरातील मराठीमुळे मूल वाचनात मागे पडत नाही

घरी मराठी आणि शाळेत हिंदी-इंग्रजी असल्यामुळे मूल गोंधळते आणि वाचनात मागे पडते, म्हणून त्याच्याशी मराठी बोलणे थांबवावे, असा सल्ला इंदूरमधील मराठी कुटुंबांत अनेक वर्षे दिला जातो. तो चुकीचा आहे. डिस्लेक्सिया म्हणजे अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालण्यातील अडचण. ती बहुधा आनुवंशिक असते, दोन भाषांमुळे उद्भवत नाही आणि बुद्धीच्या कमतरतेचे लक्षणही नसते. रामबागेतील तिसरीतला एक मुलगा ‘पुस्तक’ वाचताना दर वेळी जोडाक्षरापाशी अडखळत असे, पण आजीकडून ऐकलेली गोष्ट बारकाव्यांसह सांगत असे. मराठी तोडली असती, तर त्याची भक्कम बाजूच गेली असती, असे मला मनापासून वाटते. आधी दृष्टी व श्रवण तपासावे, नंतर मानसशास्त्रज्ञांकडून शक्यतो घरच्या आणि शाळेच्या अशा दोन्ही भाषांत चाचणी करून घ्यावी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (यात डिस्लेक्सियाही येतो) समावेश असून, कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांची तरतूद आहे. भाषेच्या या सवलतीचाच अनेकदा विपर्यास होतो. ती शालेय अभ्यासक्रमापुरती आहे, घरातील बोलण्याशी तिचा संबंध नाही.