ऑटोमॅटिक गाडी झटके देतेय? आधी मीटरवरचा लाईट घालवू नका

‘वॉरंटी आत्ताच संपली आणि गिअरबॉक्स गेला, आता काय?’ गणपतीत हायवेच्या रांगेतून सरपटत चिपळुणात पोचलेल्या गाड्यांचे मालक आमच्या गॅरेजात हेच विचारत येतात.

आधी कंपनीकडे लेखी अर्ज करा, हे आम्हीच सांगतो. वॉरंटी नुकतीच संपलेली आणि सगळ्या सर्व्हिस शोरूमला झालेल्या असतील, तर कंपनी कधीकधी खर्चाचा वाटा उचलते. त्याला गुडविल म्हणतात. तो हक्क नाही, पण मागितल्याशिवाय मिळतही नाही. वॉरंटीत असताना झटक्यांची तक्रार केली असेल तर ते जॉबकार्ड (तक्रार नोंदलेला सर्व्हिसचा कागद) शोधून जोडा. तोंडी तक्रार कोणी धरत नाही.

घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. मीटरवर बिघाडाचा लाईट लागला की वाटेतल्या गॅरेजात स्कॅनर लावून, नाहीतर बॅटरीची वायर काढून तो घालवून घेतात. गाडी थोडी नीट चालते आणि पुन्हा अडते. लाईट विझला तरी बिघाड आत तसाच असतो. बिघडतेवेळी वेग किती, आरपीएम किती, तापमान किती, ही बिघाडाच्या कोडबरोबर गाडीच्या कॉम्प्युटरात साठलेली माहिती मात्र पुसली जाते. मग तोच बिघाड आम्हाला पुन्हा घडवून आणावा लागतो. थंड गाडी आमच्या दारात अगदी शहाण्यासारखी वागते, कुंभार्ली घाट चढून तापली की रंग दाखवते. यात दोन दिवस जातात आणि मालकांचा फोन येतो, ‘अजून नुसतं बघताय होय?’

त्यापेक्षा मीटरचा फोटो काढा. गाडी थंड होती की गरम, चढ होता की सपाटी, रिव्हर्सला अडली की डीला, एवढं लिहून आणा.

स्कॅनिंग आणि रोड टेस्टचे पैसे आम्ही वेगळे घेतो, त्यावर कुरकुर होते. पण सोलेनॉइड (ऑइलचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह), सेन्सर, कमी झालेलं ऑइल किंवा वायरिंगच्या जोडाला, म्हणजे कपलरला, आलेला गंज (खारी हवा आणि आपला पाऊस!) यांनीसुद्धा गिअरबॉक्स गेल्यासारखीच गाडी वागते. न तपासता गिअरबॉक्स उतरवायला सांगणारे भेटतील, आम्ही त्यातले नाही. काम आमच्याकडे केलंत तर तपासणीचे पैसे बिलातून वजा होतात.

वाटेत मिळेल ते ऑइल ओतू नका. सीव्हीटी म्हणजे बेल्टवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं वेगळं, टॉर्क कन्व्हर्टरवाल्या म्हणजे नेहमीचे गिअर असलेल्या ऑटोमॅटिकचं वेगळं. बऱ्याच गाड्यांना गिअरबॉक्सचं ऑइल बघायची पट्टी, म्हणजे डिपस्टिकच नसते, पातळी ठराविक तापमानालाच बघावी लागते.

आणि या दोन्ही प्रकारची गाडी बंद पडली तर दोरी बांधून ओढू नका. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही, चाकं मात्र आतले भाग तेलाविना फिरवत राहतात. गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रक आमच्याकडे आहे, घाटातही पाठवतो.

वॉरंटी संपायला महिना-दोन महिने असतील तर आत्ताच गाडी दाखवा. कोड न पुसता छापील रिपोर्ट देऊ, तो घेऊन शोरूमला जा. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मात्र रोड टेस्ट होत नाही.