हाताचा ब्लॉक: औषध किती द्यायचं, हे कशावर ठरतं?

मनगटाचं हाड बसवायचं असो की बोटाची कंडरा शिवायची असो, बहुतेक वेळा पूर्ण भूल लागत नाही. गळपट्टीच्या हाडाजवळ किंवा काखेत नसांभोवती (म्हणजे मज्जातंतूंभोवती) औषध सोडून आम्ही तेवढा हात बधिर करतो. यालाच ब्लॉक म्हणतात. टेबलावर झोपलेले बरेच जण म्हणतात, "डॉक्टर, थोडं जास्तच द्या." तिथेच आम्ही हात आखडता घेतो.

ब्युपिव्हकेन या औषधाची मर्यादा किलोमागे साधारण २ मिलिग्रॅम. ५० किलोच्या बाईंना १०० मिलिग्रॅम, म्हणजे ०.५ टक्के द्रावणाचे २० मिलिलिटर. ७० किलोच्या माणसाला २८ मिलिलिटर. लिग्नोकेन हे दुसरं औषध साधं असेल तर किलोमागे ४.५ मिलिग्रॅम आणि ॲड्रिनॅलिन घातलेलं असेल तर ७, कारण ॲड्रिनॅलिनने रक्तवाहिन्या आवळतात आणि औषध रक्तात सावकाश उतरतं. म्हणून वजन अंदाजाने सांगू नका, काट्यावर उभे राहा. (चरबीच्या जादा किलोंवर मात्र जादा औषध मिळत नाही!)

दोन औषधं मिसळली म्हणजे दोन्हींची पूर्ण मात्रा देता येते, असंही नाही. एकाची निम्मी मर्यादा संपली की दुसऱ्याचीही निम्मीच उरते. सर्जनने जखमेपाशी दिलेलं इंजेक्शनही त्याच हिशेबात धरतात. शिवाय मर्यादा गाठलीच पाहिजे असं थोडंच आहे? सोनोग्राफीत नस आणि सुई दोन्ही दिसतात, त्यामुळे कमी औषधातही भागतं.

वय, यकृताचा किंवा हृदयाचा आजार, पूर्वी आलेली फिट, चालू गोळ्या, यातलं काही लपवू नका. मात्रा त्यावरून कमी करावी लागते. इंजेक्शन चालू असताना ओठ-जीभ बधिर वाटली, तोंडात धातूची चव आली किंवा कानात आवाज येऊ लागला, तर लगेच बोला. औषध रक्तात जास्त गेल्याची ती खूण असू शकते. त्यावरचं २० टक्के लिपिड (स्निग्ध पदार्थाचं) द्रावण आम्ही हाताशी ठेवूनच ब्लॉक देतो.

लिग्नोकेनचा असर दोन-तीन तासांत उतरतो, ब्युपिव्हकेनचा रात्रभरही राहू शकतो. तोवर हात झोळीत ठेवा. त्या हाताने चहाचा कप धरू नका, भाजलेलं कळणार नाही. आणि दुखायला लागण्याची वाट न पाहता, हातात मुंग्या येऊ लागल्या की लिहून दिलेली गोळी घ्या.