हेलिकॉप्टर पायलट एकमेकांची एवढी का खेचतात?

हेलिकॉप्टर पायलट लोकांचा एक जुना जोक आहे. वरचा एवढा मोठा पंखा कशासाठी? तर पायलटला गार ठेवायला. पटत नसेल तर पंखा बंद करून बघा, पायलटला कसा दरदरून घाम फुटतो! दुसरा असा, की हेलिकॉप्टर म्हणजे हजारो स्पेअर पार्ट जे योगायोगाने एकाच दिशेला उडतायत. तिसरा, विमान हवेत उडतं, हेलिकॉप्टर हवेला धोपटून धोपटून कबूल करायला लावतं. कुठल्याही देशात थोड्याफार फरकाने हेच जोक आणि सगळे स्वतःच्याच मशीनवर, स्वतःच्याच जिवावर.

रत्नागिरीत कोस्ट गार्डचं एअर स्टेशन आहे, त्यामुळे पावसाळ्यात ढगांखालून फडफड आवाज आला की आमच्याकडे लोक अंगणात येऊन वर बघतात, कुठली बोट अडकली म्हणून. आपल्याला खालून फक्त मशीन दिसतं. आत तीन-चार माणसं हेडसेटवर सतत एकमेकांशी बोलत असतात आणि जमिनीवर उतरली की एकमेकांची टर उडवत असतात, आणि माझं ठाम मत आहे की त्या थट्टेशिवाय ते मशीन नीट उडणारच नाही.

आधी थोडं फिजिक्स. एका जागी हवेत थांबणं, ज्याला हे लोक हॉवर म्हणतात, हे सगळ्यात अवघड काम. डाव्या हातातला दांडा, म्हणजे कलेक्टिव्ह, वर ओढला की सगळ्या पात्यांचा कोन वाढतो आणि मशीन वर जायला लागतं, पण त्याबरोबर इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो म्हणून बॉडी पंख्याच्या उलट दिशेला फिरायला बघते, ते थांबवायला पायाने पेडल दाबून शेपटीच्या पंख्याचा जोर वाढवायचा, तर तो शेपटीचा पंखा अख्ख्या हेलिकॉप्टरला एका बाजूला ढकलतो, मग ते सावरायला उजव्या हातातला दुसरा दांडा, सायक्लिक, किंचित हलवायचा, आणि तो हलवला की उंची बदलते म्हणजे परत कलेक्टिव्ह! हे चक्र थांबतच नाही. शिकाऊ पायलटचं हेलिकॉप्टर पहिल्या दिवशी मैदानभर भरकटतं ते यामुळेच, आणि त्यावरून त्याला पुढे कित्येक वर्षं ऐकून घ्यावं लागतं.

पंख्याच्या जोकमध्ये मात्र एक गडबड आहे. इंजिन बंद पडलं म्हणजे पंखा लगेच थांबतो असं नाही. पायलटने ताबडतोब कलेक्टिव्ह खाली केला तर मशीन खाली येताना खालून वर जाणारी हवाच पाती फिरवत ठेवते, याला ऑटोरोटेशन म्हणतात. जमीन जवळ आली की नाक वर करून वेग कमी करायचा आणि पात्यांमध्ये साठलेला जोर शेवटच्या क्षणी वापरून अलगद टेकायचं. छोट्या हेलिकॉप्टरात तो कलेक्टिव्ह खाली करायला जेमतेम एक-दोन सेकंद मिळतात. समुद्रावर तर पुढचंही बघावं लागतं, कारण इंजिन आणि गिअरबॉक्स वर असल्यामुळे पाण्यात पडलेलं हेलिकॉप्टर बहुतेक वेळा उलटं होतं. म्हणून जुहूवरून हेलिकॉप्टरने मुंबई हायच्या, म्हणजे समुद्रातल्या तेलाच्या, रिगवर जाणाऱ्यांनासुद्धा खोट्या केबिनमध्ये बसवून, स्विमिंग पूलमध्ये उलटं बुडवून बाहेर पडायला शिकवतात.

आता खरा मुद्दा, विंच, म्हणजे केबल खाली सोडून माणसाला वर ओढून घेणारं यंत्र. समजा एखाद्या ट्रॉलरवर खलाशी जखमी झालाय. विंच असते उजव्या दरवाजाला. बोट जवळ आली की ती हेलिकॉप्टरच्या पोटाखाली जाते आणि पायलटला दिसायचीच बंद होते! खाली लाटा सरकत असतात, त्यामुळे डोळ्यांना वाटतं आपणच सरकतोय, आणि स्थिर म्हणावी अशी एकही खूण आजूबाजूला नसते. अशा वेळी दरवाजात गुडघ्यावर बसलेला विंच ऑपरेटर पायलटचे डोळे होतो. पुढे किती, उजवीकडे किती, कुठे थांबायचं, हे तो सतत सांगत राहतो: फॉरवर्ड टेन, फाईव्ह, थ्री, टू, वन, स्टेडी... राइट टू... स्टेडी. तो गप्प झाला की पायलट आंधळा. आणि केबलच्या टोकाला लोंबकळणारा डायव्हर या दोघांच्या भरवशावर. नौदलाच्या सी किंगसारखं नऊ-साडेनऊ टनांचं मशीन हवेत धरायचं तर तेवढ्याच जोराने हवा खाली ढकलावी लागते, तो सगळा वारा या डायव्हरच्या डोक्यावर.

दरवाजातला माणूस बऱ्याचदा हुद्द्याने पायलटपेक्षा लहान असतो. पण त्या पाच मिनिटांत त्याने साहेबांना 'चुकतंय, मागे घ्या' असं बेधडक सांगायला हवं. ही हिंमत ऐनवेळी कुठून येणार?

न बोलल्याने काय होतं ते १९७८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला दिसलं. युनायटेड एअरलाइन्सच्या फ्लाइट १७३ चा कॅप्टन लँडिंग गिअरच्या बिघाडात गुंतला होता, इंधन संपत आलं होतं, बाकीच्या दोघांनी ते आडून आडून सुचवलं पण ठणकावून कोणी सांगितलं नाही, शेवटी विमान शहरात कोसळलं आणि १० जण गेले. त्यानंतर १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि तिथून क्रू रिसोर्स मॅनेजमेंट नावाचं ट्रेनिंग उभं राहिलं. धाकट्याने बोलायचं आणि थोरल्याने ऐकायचं, हे शिकवावं लागतं हे तिथे मान्य झालं.

आणि मला वाटतं थट्टामस्करी इथेच कामाला येते. चहाच्या टेबलावर ज्या कॅप्टनच्या खराब लँडिंगची तुम्ही काल सगळ्यांसमोर नक्कल केली आणि तोही पोट धरून हसला, त्याला आज हवेत 'सर, उंची कमी होतेय' म्हणायला जीभ अडखळत नाही. हसण्याचा अभ्यासही याच बाजूने बोलतो. रॉबर्ट प्रोवाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने लोक रोजच्या बोलण्यात कधी हसतात याच्या सुमारे १,२०० नोंदी जमवल्या, तर जोक म्हणता येईल असं काही त्यातल्या १०-२० टक्के वेळाच होतं, बाकी सगळं 'बरं, भेटू मग' छाप साधं बोलणं. एकट्यापेक्षा चारचौघांत माणूस ३० पट जास्त हसतो हेही त्याचंच निरीक्षण. रॉबिन डनबार हा ब्रिटिश शास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की एकत्र बसून हसल्यावर माणसाची वेदना सहन करण्याची ताकद वाढते, आणि २०१७ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी मेंदूच्या स्कॅनमध्ये बघितलं की मित्रांबरोबर हसल्यावर मेंदू स्वतःचीच वेदनाशामक रसायनं सोडतो. म्हणजे एकत्र हसलेल्या माणसांना एकमेकांजवळ बरं वाटतं, ते शरीरातूनच.

अर्थात सगळीच मस्करी चांगली नाही. रॉड मार्टिन या मानसशास्त्रज्ञाने २००३ मध्ये विनोदाचे चार प्रकार मांडले, त्यात माणसं जोडणारा वेगळा आणि दुसऱ्याला बोचकारणारा वेगळा. नवीन पोराला रोज टोचून बोललं तर तो शहाणा होत नाही, गप्प होतो, आणि गप्प माणूस विंचवर फार धोक्याचा. वेळेचंही भान हवं. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या शार्लटला उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सच्या एका विमानाचे वैमानिक राजकारण आणि जुन्या गाड्यांवर गप्पा मारत होते, विमान रनवेच्या आधीच पडलं. मग १९८१ मध्ये अमेरिकेत नियम आला, की उड्डाण-उतरण्याच्या नाजूक वेळेत कामापलीकडचं बोलायचं नाही. आपल्या मासेमारी बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आणि खलाशी यांचं असंच असतं, दिवसभर कितीही फिरकी घेतील पण जाळं ओढायला घेतलं की तांडेलाचा शब्द सोडून दुसरा आवाज नाही.

२०२१ मध्ये आपण हे सगळं पणाला लागलेलं बघितलं. मे महिन्यात तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा कामगार राहायचा तराफा (बार्ज) बुडाला तेव्हा नौदलाने जहाजं आणि हेलिकॉप्टर घालून १८० हून जास्त लोक खवळलेल्या पाण्यातून काढले, आणि जुलैत महाड-पोलादपूरला पुराने वेढलं तेव्हा कुलाब्याच्या आयएनएस शिक्रा या नौदलाच्या हेलिकॉप्टर तळावरून सी किंग तिकडे पाठवलं होतं. जुलैचे ढग, सह्याद्रीचा कडा आणि धड न दिसणारी जमीन, अशात केबिनमधला एकमेकांवरचा भरवसा जागेवर तयार होत नाही, तो आधीच्या कित्येक महिन्यांच्या चहा-गप्पांतून आलेला असतो.

मिरकरवाडा, हर्णै, देवगडच्या बोटवाल्यांसाठी शेवटचं, कारण तुमच्यावर वेळ आली तर तेवढा वेळ तुम्हीपण त्या क्रूमधलेच. थर्माकोलचे बॉक्स, ताडपत्री, सुटं जाळं आधी आत टाका, वाऱ्याने उडून पंख्यात जाऊ शकतं. फिरत्या पात्यांमुळे हेलिकॉप्टरवर स्थिर वीज साठते, म्हणून वरून येणारा हूक पाण्याला किंवा डेकला टेकू द्या, त्याआधी हात लावू नका, जबरदस्त झटका बसतो. आणि केबल बोटीला कुठेही, अगदी मिनिटभरसुद्धा, बांधायची नाही. बोट लाटेबरोबर एकीकडे गेली आणि हेलिकॉप्टर दुसरीकडे, तर वरच्यांना ती केबल तोडावीच लागते, त्याचं बटण त्यांच्याकडे असतं.