फोरट्रानच्या फाइलींचा क्रम कोण ठरवतं?

फोरट्रान ही प्रोग्रामिंगची भाषा 1957 मध्ये आयबीएमने आणली. हवामानाची कित्येक मॉडेल्स आणि रैखिक बीजगणितासाठी जगभर वापरली जाणारी लॅपॅक ही लायब्ररी आजही याच भाषेत आहे. त्यातली आकडेमोड वर्षानुवर्षं तपासून पक्की झालेली आहे, म्हणून असा कोड नव्या भाषेत उतरवण्याची घाई मला पटत नाही. तो बिल्ड करण्याची रीत मात्र जरूर बदलावी.

शेकडो फाइली कंपाइल करून (म्हणजे कंपायलरकडून यंत्राच्या भाषेत उतरवून घेऊन), जोडून प्रोग्राम तयार करणं म्हणजे बिल्ड. स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये ‘मेक’ हे बिल्डचं साधन लिहिलं. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे हे एकदा सांगून ठेवलं की जे बदललं ते आणि त्यावर अवलंबून असलेलं, तेवढंच ते पुन्हा कंपाइल करतं.

सी भाषेत हे सहज जमतं, कारण इतर फाइलींना लागणारी माहिती देणाऱ्या हेडर फाइली सहसा आधीच लिहून ठेवलेल्या असतात. फोरट्रान 90 या आवृत्तीत मॉड्यूल, म्हणजे इतर फाइलींना वापरता येणारे कोडचे गट, आले आणि गुंता झाला. मॉड्यूलची माहिती ज्या फाइलीत असते ती कंपायलरच तयार करतो, तीही मॉड्यूल कंपाइल झाल्यावर. तोवर ते वापरणारी फाइल कंपाइलच होत नाही. शिवाय मॉड्यूलचं आणि सोर्स फाइलीचं नाव एकच असायला हवं असंही नाही. मग क्रम हाताने लिहिला जातो. कुणी ‘यूझ’ची, म्हणजे मॉड्यूल मागणारी, एक ओळ वाढवली आणि क्रमात नोंदवायला विसरलं, तर अनेक फाइली एकाच वेळी कंपाइल होताना तोच बिल्ड कधी यशस्वी होतो, कधी मोडतो. अशी चूक शोधणं फार जिकिरीचं असतं.

मेक किंवा निंजासारख्या साधनांसाठी बिल्डच्या सूचना तयार करणारं सीमेक आधी प्रत्येक फाइल वाचून ती कोणतं मॉड्यूल देते आणि कोणतं मागते ते टिपतं. क्रम त्यावरून ठरतो. प्रीप्रोसेसर (कंपाइल करण्याआधी अटींनुसार कोडचे भाग ठेवणारा किंवा गाळणारा प्रोग्राम) वापरणाऱ्या फाइली आधी त्यातून काढाव्या लागतात, कारण ‘यूझ’ची ओळ एखाद्या अटीआड असू शकते. निंजा हे मेकसारखंच, पण वेगवान साधन सगळी अवलंबित्वं सुरुवातीलाच मागायचं. 2020 मधल्या 1.10 आवृत्तीपासून ती बिल्ड चालू असतानाही सांगता येतात, आणि फोरट्रानची गरज हे त्यामागचं मोठं कारण होतं.

मला सर्वांत आवडतो तो पुढचा बारकावा. मॉड्यूलमधल्या एखाद्या सबरुटीनचं (नाव देऊन वेगळ्या केलेल्या कोडच्या तुकड्याचं) फक्त आतलं गणित बदललं, बाहेर दिसणारी रचना तशीच राहिली, तर ते मॉड्यूल वापरणाऱ्या फाइली पुन्हा कंपाइल करायची सहसा गरज पडत नाही. मोठ्या मॉडेलमध्ये यात बराच वेळ वाचतो.

पुढे सी प्लस प्लसच्या 2020 च्या मानकात मॉड्यूल आले, तेव्हा तिथेही क्रमाचा हाच प्रश्न उभा राहिला. सीमेकच्या 2023 मधल्या 3.28 आवृत्तीने तो निंजाच्या याच सोयीच्या आधारे सोडवला.