फळमाशीतील नर-मादी ओळख

फळमाशीचे (ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर) नर व मादी बाह्य लक्षणांवरून वेगळे करणे, हे आनुवंशिकीच्या प्रयोगशाळेत सर्वांत आधी शिकवले जाणारे काम. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावणारी ती ही बारीक माशी; आंबा-पेरूच्या बागायतदारांना छळणारी फळमाशी (बॅक्ट्रोसेरा) निराळ्या कुळातली.

ईथर किंवा कार्बन डायॉक्साइडने बेशुद्ध केलेल्या माशा मऊ कुंचल्याने उलटसुलट करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मादी नरापेक्षा किंचित मोठी असते, पण गर्दीच्या बाटलीत अर्धपोटी वाढलेल्या माद्याही लहानच निघतात. प्रथम नजरेत भरते ते पोट. नराच्या पोटाचे टोक गोलसर आणि पाठीकडून सलग काळे. मादीचे निमुळते, त्यावर आडवे पट्टे. नवशिके एवढ्यावरच निवाडा करतात आणि फसतात. कोशातून नुकत्याच निघालेल्या माशा फिकट व लांबट असतात, रंग नंतर चढतो. थंडीत वाढलेल्या माद्यांची टोके काळवंडतात. ‘एबनी’ या उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेल्या) वाणात तर सगळे अंगच काळे.

भरवशाची खूण पुढच्या पायांवर असते. नराच्या गुल्फाच्या (पायाच्या टोकाकडील खंडित भागाच्या) पहिल्या खंडावर जाड, काळ्या, बोथट केसांची आखूड ओळ दिसते. हे केस साधारण दहा-बारा. हा कंगवा मादीला नसतो आणि ताज्या माशीतही ओळखू येतो. मात्र ड्रोसोफिला व्हिरिलिससारख्या जातींत तो नराला नसतोच. अशा वेळी माशी उताणी करून जननांगे पाहावी लागतात.

ही निवड चुकली तर संकर वाया जातो, कारण मादी एका समागमातील शुक्राणू बरेच दिवस साठवून ठेवते. त्यामुळे 25° से. तापमानाला माद्या कोशाबाहेर आल्यापासून सुमारे 8 तासांच्या आत, समागम होण्याआधीच, वेगळ्या काढतात. अमेरिकी आनुवंशिकीतज्ज्ञ टॉमस हंट मॉर्गन यांनी 1910 मध्ये पांढऱ्या डोळ्यांच्या नराचा संकर लाल डोळ्यांच्या माद्यांशी केला. दुसऱ्या पिढीतल्या पांढऱ्या डोळ्यांच्या सगळ्या माशा नर निघाल्या, त्यावरून लिंगसंलग्न आनुवंशिकता (लिंगाशी जोडलेला लक्षणांचा वारसा) उघड झाली. माशा केवळ डोळ्यांच्या रंगावर मोजल्या असत्या, तर ती हाती लागली नसती.

माशीत प्रत्येक पेशी आपले लिंग बहुतांशी स्वतःच ठरवते. मादीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात, नराच्या पेशीत एकच. मादी भ्रूणाच्या अगदी सुरुवातीच्या विभाजनात एखाद्या पेशीतून एक एक्स गुणसूत्र गळाले, तर तिच्यापासून झालेला भाग नराचा होतो. अशा अर्धनर माशीच्या एका पुढच्या पायावर कंगवा असतो, दुसऱ्यावर नसतो.