रुग्ण-माहितीची देवाणघेवाण, दुर्मीळ बालरोगांतील

दुर्मीळ आजार असलेल्या मुलांची लक्षणे, तपासण्यांचे निष्कर्ष आणि जनुकीय माहिती पालकांच्या संमतीने निरनिराळ्या रुग्णालयांनी, प्रयोगशाळांनी व देशांनी एकमेकांच्या संशोधनासाठी खुली करण्याची पद्धत. ‘ऑर्फानेट’ या युरोपीय कोशातील नोंदींच्या २०२० मधील विश्लेषणात सुमारे ७२ टक्के दुर्मीळ आजार जनुकीय, तर सुमारे ७० टक्के केवळ बालवयात सुरू होणारे आढळले. मधुमेहाचे हजार रुग्ण एकाच शहरात मिळतात; यांपैकी काही आजारांची मात्र अख्ख्या देशात दोन-तीनच मुले असतात.

मुलाच्या जनुकसंचात लाखो बदल सापडतात आणि त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात. ते वगळण्यासाठी इतर हजारो लोकांची माहिती चाळणीसारखी वापरतात. ‘एक्झॅक’ हा ६०,७०६ व्यक्तींच्या जनुकीय माहितीचा संच २०१४ मध्ये खुला झाला, तेव्हा तोवर रोगकारक मानलेले कित्येक बदल चांगल्या धडधाकट माणसांतही असल्याचे उघड झाले. चाळूनही काही संशयित बदल उरतातच. खरा दोषी कोणता हे ठरवायला तोच जनुक बिघडलेले आणि तशीच लक्षणे असलेले, नात्यात नसलेले दुसरे मूल लागते. ते मिळेपर्यंत पहिल्या मुलाचे निदान हा फक्त अंदाज असतो.

एनजीएलवाय-१ जनुकाचा आजार हे याचे बोलके उदाहरण. चुकीची घडी पडलेल्या प्रथिनांवरून शर्करेच्या साखळ्या सोडवणारे एन्झाइम या मुलांत तयार होत नाही. वाढ मागे पडते, हातपाय अनावर हलतात. आणि मूल रडते, पण डोळ्यांत पाणी येत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या गटाने असा पहिला मुलगा नोंदवला. संगणकशास्त्रज्ञ असलेल्या त्याच्या वडिलांनी सगळी लक्षणे इंटरनेटवर साध्या भाषेत मांडली. तीच लक्षणे शोधणारी इतर कुटुंबे व डॉक्टर तेथे पोहोचले आणि २०१४ मध्ये आठ रुग्णांचे एकत्रित वर्णन प्रसिद्ध झाले.

प्रत्येक बापाला हे जमणार नाही, म्हणून यंत्रणा उभी राहिली. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘जीनमॅचर’वर डॉक्टर संशयित जनुकाचे नाव नोंदवतो, जगात दुसऱ्या कोणी तेच नाव नोंदवले की दोघांनाही ईमेल जातो. पुढची विचारपूस त्यांनी आपसांत करायची. ‘मॅचमेकर एक्स्चेंज’ हे अशा अनेक संग्रहांना जोडणारे जाळे. त्यात माहिती आपापल्या संग्रहातच राहते, फिरतो तो फक्त प्रश्न. मात्र सगळ्यांची भाषा एक हवी. एक डॉक्टर ‘कोरडे डोळे’ लिहितो, दुसरा ‘अश्रू नाहीत’. संगणकाला हे एकच आहे हे कळत नाही. त्यासाठी २००८ पासून लक्षणांचा प्रमाणित शब्दसंग्रह तयार होत आला आहे. काम कंटाळवाणे, पण बाकी सारे त्यावर उभे आहे.

मुलांच्या विकासातील विकारांची जनुकीय कारणे शोधणाऱ्या, ब्रिटन व आयर्लंडमधील डीडीडी प्रकल्पात निदान न झालेली १३ हजारांहून अधिक मुले आई-वडिलांसह सहभागी झाली. २०२३ च्या अहवालानुसार त्यांपैकी सुमारे ४१ टक्के मुलांच्या आजाराचे कारण सापडले.

निदानापुढे उपचारातही ही माहिती कामी येते. प्रोजेरिया या अकाली वार्धक्याच्या आजारात उपचाराविना सरासरी आयुष्य साडेचौदा वर्षांच्या आसपास. इतक्या थोड्या मुलांतून निम्म्यांना औषधाविना ठेवून चाचणी घ्यायला कोण धजावणार? लोनाफार्निब हे औषध घेणाऱ्या मुलांची तुलना उपचार न मिळालेल्या मुलांच्या साठवलेल्या नोंदींशी केली गेली, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

गोपनीयतेचा पेच इथे नेहमीपेक्षा अवघड आहे. नाव-पत्ता काढून टाकला तरी तालुक्यात असे एकच मूल असेल, तर वय आणि लक्षण एवढ्यावर गाव ओळखते. कित्येक आजारांत चेहऱ्याची ठेवण हेच लक्षण, आणि चेहरा झाकून निदान कसे करायचे? संमती पालक देतात, मूल नाही. म्हणून सज्ञान झाल्यावर त्याला स्वतः विचारणे रास्त ठरते. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक केली आहे.

भारताची अडचण वेगळी. जागतिक संचांत युरोपीय वंशाचे लोक फार असल्याने आपल्याकडे एखाद्या समाजात सर्रास असलेला बदल तिथे दुर्मीळ दिसतो आणि नाहक संशयित ठरतो. दहा हजार भारतीयांचा ‘जीनोम इंडिया’ संच जानेवारी २०२५ मध्ये फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांना उपलब्ध झाला, त्याचे मोल इथे आहे. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण, २०२१ नुसार नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांत मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय आहे. अशा बाह्यरुग्ण विभागांत आईच्या पिशवीतून निघणारी जाड फाईल मात्र अजून कागदाचीच असते: एमआरआयच्या फिल्म, तीन डॉक्टरांचे तीन अंदाज, जनुक तपासणीचा छापील अहवाल. ज्यावरून पुन्हा शोध घेता येईल ती मूळ डिजिटल माहिती त्यात क्वचितच असते, आणि ती प्रयोगशाळेकडे मागता येते हेही अनेकांना ठाऊक नसते. नवे जनुक उलगडत जातात तसे जुन्या माहितीतून निदान निघते. कधी चार-पाच वर्षांनी. तेव्हा अर्जावरचा मोबाइल नंबर चालू असावा लागतो.